गोळीचा वाटा

वरचे आंबेटेप, ता. पोलादपूर
२२ जून २०२५

अनुबाय,

पत्र बघून दचकशील. दादानं फोन का नाय केला? अगो, रेंज धरायला वरच्या टेपावर, टेकाडाच्या माथ्यावर जायला लागतं, आणि तिथं ‘हॅलो’ म्हटलं की आख्खी वाडी कान टवकारते. ही गोष्ट वरडायची नाय, म्हणून वहीचं पान फाडलं. आपल्या एष्टीच्या दत्ताराम कंडक्टरच्या हाती देतोय. त्याला सांगितलंय, शाळेच्या गेटवर अनुपमाबायच्याच हातात दे, शिपायाकडं नको.

रोपं वर आलेत. आठ दिवसांत आमची लावणी. तुझ्या लावणीचं कसं काय? तुझी वैनी दोन वर्षं झाली तरी बायकांना सांगत असते, आमच्या अनुच्या पोटातलं सडलेलं स्वादुपिंड काढलान, त्यातलं चांगलं दाणं निवडलान नि काळजात पेरलान. बायका पदर तोंडाला लावून ऐकतात. कमळाबाई विचारते, मंग खत काय घालतात?

आता कामाचं. तुझ्या वैनीची, आवडीची साखर २८० झालेय. वैशाली, आपली सरकारी दवाखान्याची आशाताई, बोट टोचून बघून गेली. पोलादपूरच्या डॉक्टरांची गोळी रोज सकाळी घेते, पण ती आता पुरत नाय. डॉक्टर म्हणतात, इन्सुलिनची सुई चालू करू. ही म्हणते, सुई लागली की माणूस सुटला. तिच्या आयशीचं तसंच झालेलं, म्हणून धास्ती घेतलेय. पाय जळतात, तरी रोज चिखलात उभी.

तू मागं बोललेलीस, पुण्याच्या हास्पिटलात तुला नवी गोळी देतात, अजून बाजारात न आलेली. त्यातला थोडा वाटा आवडीला दे. आपल्याकडं फणस उतरला तरी पयला वाटा भावाच्या घरी जातो. हे मागणं नाय, वाटा हाय. नसंल जमत तर सरळ नाय म्हण, मला राग नाय.

हिनं तुला तीन महिने भरवलान, त्याची आठवण मी काढत नाय हां. काढली वाटतं.

तुझा,
रावजीदादा

*

महाड
२९ जून २०२५

रावजीदादा,

तुझं पत्र दत्तारामने हातातच दिलं. वर म्हणाला, “बाय, दादांनी शपथ घातलीय, शिपाई दिसला तरी खिसा दाबून धर.”

वहिनीची साखर वाचून वाईट वाटलं. माझ्या ऑपरेशननंतर ती स्वतःची लावणी टाकून महाडला येऊन राहिली होती. त्याची आठवण तू काढायची गरज नव्हती. माझ्या त्या वर्षीच्या रोजनिशीत जून ते ऑगस्ट पानोपानी तीच आहे. ‘वहिनीने पेज दिली.’ ‘वहिनीने केस विंचरले.’ ‘आज घास नको होता, वहिनी रागावली नाही.’

माझी तब्येत ठीक आहे. स्वादुपिंडातून काढून यकृतात सोडलेल्या इन्सुलिनच्या पेशी जिवंत आहेत. इन्सुलिन थोडंच लागतं. या पेशींना आधार मिळून तेही सुटतं का, हे बघण्यासाठी ही गोळी. मे महिन्यापासून मी त्या चाचणीत आहे.

सोबत जीवनसत्त्वाच्या जुन्या डबीत तीस गोळ्या पाठवते. माझ्याकडे जास्तीच्या होत्या, तेव्हा माझ्या तोंडचं काढून दिलं असं मनात आणू नका. पण एवढं नीट पाळा. गोळी रोज पहाटे, उपाशीपोटी, चहाच्या आधी. एकही दिवस चुकवायची नाही, पाहुणे असोत की सण असो. आणि पोलादपूरच्या डॉक्टरांची जुनी गोळी कोणत्याही परिस्थितीत बंद करायची नाही. दोन्ही घ्यायच्या. हे मी दोनदा लिहिते आहे, दोन्ही घ्यायच्या.

नव्या गोळीकडून फार अपेक्षा ठेवू नका. सुईचंही मनावर घ्या. आणि हे कोणाला सांगू नका, वैशालीलासुद्धा.

तुझी,
अनुपमा

*

वरचे आंबेटेप
३ ऑगस्ट २०२५

अनुबाय,

तुझी गोळी म्हणजे काय चीज हाय गो! वैशालीनं काल बोट टोचलान. १५२. ती मशीनच आपटून बघायला लागली. परत टोचलान, १४९. मला म्हणते, “दादा, वैनीला काय खायला घालता?” मी म्हटलं, माझी बोलणी. आवडी म्हणाली, “ती तर मी चाळीस वर्षं खातेय, तेव्हा नाय उतरली साखर.”

पाय जळायचे कमी झालेत. लावणी पुरी केलीन, पोरींच्या बरोबरीनं. तू लिहिलंस तसं घड्याळ लावून पहाटे दोन्ही गोळ्या घेते. मी म्हटलं, आज राहू दे, कोंबडा पण उठला नाय. तर म्हणते, अनुनं लिहिलंय चुकवायची नाय. तुझं पत्र देव्हाऱ्यात ठेवलंय.

डबी संपली. दुसरी धाड. यंदा गणपतीला ये.

रावजीदादा

*

महाड
९ ऑगस्ट २०२५

दादा,

१५२ वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि परत वाचलं. खूप बरं वाटलं. लावणीचे कष्ट, आठवड्याचे उपास, धीर वाढला की भूकही वेळेवर लागते. अशाने साखर उतरते कधी कधी. सगळं श्रेय गोळीला देऊ नका.

दुसरी डबी देते आहे. पाळायचं तेच. गणपतीला येणं जमेल असं वाटत नाही, शाळेची तपासणी आहे.

माझं पत्र देव्हाऱ्यातून काढ, दादा. कपाटात ठेव.

अनुपमा

*

वरचे आंबेटेप
२९ ऑगस्ट २०२५

अनुबाय,

घाबरू नको, आवडी आता बरी हाय. घरातच हाय, गणपतीसमोर बसून वाती करते. म्हणून आधी हे लिहिलं.

मंगळवारी हरतालिका होती. हिचा उपास तुला ठावा हाय, पाण्याचा थेंब नाय. मी म्हटलं, यंदा नको, तुला साखर हाय. म्हणाली, “चाळीस वर्षं केलेलं आता सोडू? उपास मोडला नि तू सुटलास तर?” पहाटे उठून दोन्ही गोळ्या घेतलीन, तोंडात नुसत्या टाकून, पाण्याशिवाय. मी बोललो, उपासाला गोळी चालते का? तर म्हणते, अनुनं लिहिलंय, सण असला तरी चुकवायची नाय. मंग बायकांबरोबर पत्री आणायला रानात गेली.

दुपारी पूजा मांडताना घामानं भिजली. वाळूची पिंड करता करता मोडायला लागली. माझ्याकडं बघून म्हणते, “ओ पोस्टमन, घरात कोण नाय, उद्या या.” बायका हसल्या. मी पण हसलो गो. मला वाटलं, चेष्टा करते. तेवढ्यात पाटावरून कलंडली.

वैशाली धावली. बोट टोचलान, ३४. साखर आणा म्हणून वरडली. हिनं दात घट्ट धरलेले. कमळाबाई म्हणते, उपास मोडतोय तिचा. आणि अनुबाय, तुला खरं सांगतो, मी पण क्षणभर थांबलो. साखरेची वाटी हातात, आणि चाळीस वर्षांचा उपास. वैशालीनं वाटी ओढून घेतलीन नि बोटानं हिच्या हिरड्यांना साखर चोळलीन. नशीब, आपल्या वाडीतला हृतिक गणपतीला मुंबईवरून रिक्षा घेऊन आलेला. पोलादपूरला नेली. सलाईन लावलं. दिवेलागणीला डोळे उघडलीन आणि पयलं काय बोलली असंल? “मोडलात ना माझा उपास?”

डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेतात का? मी सांगितलं नाय. तुझं नाव कशाला मध्ये? त्यांनी जुनी गोळी अर्धी केली. मी मनात म्हटलं, नवी गोळी हाय ना, काळजी नाय. २८० वरून ३४ वर आणते म्हणजे काय ताकद!

तुझे उपकार कसे फेडू? तिसरी डबी सवडीनं धाड. सात गोळ्या हायत अजून.

रावजीदादा

*

महाड
३० ऑगस्ट २०२५

दादा,

दत्तारामची गाडी सुटायला दहा मिनिटं आहेत. वहिनीला नवी गोळी आजपासून देऊ नको. एकही नाही. उरलेल्या सात गोळ्या वैशालीकडे दे आणि हवं तर तिला माझं नाव सांग. पुण्याहून सूचना बदलली आहे. बाकी सविस्तर लिहिते.

अनुपमा

*

महाड
५ सप्टेंबर २०२५

रावजीदादा,

पुण्याहून सूचना बदलली आहे असं मी लिहिलं होतं. तशी कोणतीही सूचना आली नव्हती. त्या चार ओळींतही मला खरं लिहिता आलं नाही.

आता सगळं लिहिते. वाचून झालं की वहिनीला वाचून दाखव, काही गाळू नको.

या चाचणीत दोन तऱ्हेच्या बाटल्या असतात. एकीत औषध, दुसरीत तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या, ज्यांत औषध नसतं. कोणाला कोणती बाटली मिळाली ते रुग्णाला कळत नाही, रोज तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. यादी वेगळी ठेवलेली असते. वर्ष संपलं की दोन्हीकडचे आकडे समोरासमोर ठेवायचे आणि गोळीचा खरोखर उपयोग होतो का ते बघायचं. यासाठी रुग्णाने दोनच गोष्टी करायच्या. रोज गोळी घ्यायची, आणि वहीत खरं लिहायचं.

मी मेपासून दीड महिना गोळी घेतली. माझे आकडे हलले नाहीत. तीन महिने थांबा, असं सांगितलेलं होतं. पण मी बी.एस्सी. झालेली, अठरा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेली. मी एक गोळी मोडली आणि जिभेला लावली. खडूसारखी लागली. मी ठरवून टाकलं, मला रिकामी बाटली आली आहे. एका चवीवरून. नववीच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याची वही परत केली असती.

त्या दिवसापासून गोळी बंद केली. वहीत ‘गोळी घेतली’ असा रकाना आहे, त्यात मात्र रोज टिक केली. साखरेचे आकडे खरे लिहिले, टिक खोटी. नुसता खडूच तर आहे, कोणाचं काय बिघडतं, असं वाटलं.

आणि मग तुझं पत्र आलं.

दादा, मी वहिनीला औषध पाठवलं नाही. मी तिला खडू पाठवला, असं समजून पाठवला. तू स्पष्ट लिहिलं होतंस, नसेल जमत तर नाही म्हण. मला ते म्हणवलं नाही. जिने मला तीन महिने भरवलं तिला नाही म्हणणारी मी कोण, असं मला दिसायचं नव्हतं. खरं औषध असतं तर मी ते दिलं असतं का? मला माहीत नाही. खडू होता म्हणून उदार होणं सोपं गेलं. ‘माझ्या तोंडचं काढून दिलं असं मनात आणू नका’ हेही लिहिलं, म्हणजे तुम्ही नेमकं तेच मनात आणावं.

ते औषध वाटावं म्हणून हॉस्पिटलच्या कागदावरची वाक्यं उतरवली. पहाटे, उपाशीपोटी, एकही दिवस चुकवायची नाही. ‘सण असो’ हे माझं स्वतःचं. आणि खडूच्या भरवशावर तिने खरं औषध सोडू नये म्हणून ‘दोन्ही घ्यायच्या’ हे दोनदा लिहिलं. मला वाटलं, एवढ्याने मी काळजी घेतली. ‘उपास असेल त्या दिवशी नको’ हे मात्र सुचलं नाही. खडू कशाला उपासाला नको असेल?

तुझं २९ तारखेचं पत्र वाचूनही मी बुधवारी पुण्याला गेले ती टिक केलेली वही घेऊनच. राजश्री मॅडम वह्या तपासतात. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाल्या, “अनुपमाताई, तुमच्यासारखी वही कोणाची नाही. नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवते, चालेल ना?” मी “हो” म्हटलं. खाली आले, रिक्षा केली, स्वारगेटला महाडच्या गाडीत बसले. कंडक्टरने “कुठे?” विचारलं आणि मला महाड म्हणता येईना. उतरले. परत गेले. राजश्री मॅडम डबा खात होत्या. त्यांचा घास हातात असतानाच मी हे सगळं सांगितलं. त्यांनी डबा झाकून ठेवला, परत उघडला नाही.

डॉक्टरांनी वहिनीसाठी म्हणून यादीतला माझा क्रमांक उघडायला लावला. गोळी खरी होती, दादा. औषध होतं. साखर वाढली की पेशींना इन्सुलिन सोडायला लावणारं. जुनी गोळीही इन्सुलिनच वाढवते. दोन्ही पोटात आणि दिवसभर अन्नपाणी नाही, म्हणून ३४. हिरड्यांना साखर लागायला आणखी उशीर झाला असता तर काय, ते त्यांनी सांगितलं. मला ते लिहवत नाही.

वाटी हातात घेऊन तू क्षणभर थांबलास, हे तू मला न विचारता लिहिलंस. मी ते वाचून दोन महिन्यांचं माझं थांबणं मोजलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुमची वही तशीच आली असती तर आम्ही लिहिलं असतं, खरी गोळी घेऊनही या बाईंची साखर वाढली.” माझी साखर वाढलीच होती. जूनमध्ये सकाळची ११८ होती, आता १६०. यकृतातल्या पेशी थकल्या आहेत. गेलेल्या परत लावता येत नाहीत, ज्या स्वादुपिंडातून काढल्या ते आता नाहीच. इन्सुलिन वाढलं. चाचणीतून मी बाहेर आहे.

सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आहे. गोळीचं नाव, किती दिवस घेतली, सगळं आहे. ती पोलादपूरच्या डॉक्टरांना दाखव आणि माझं नाव सांग. लपवू नको.

माफी मागत नाही. मागितली की तू देशील, मला माहीत आहे.

अनुपमा

*

वरचे आंबेटेप
२६ ऑक्टोबर २०२५

अनुपमा,

तुझं पत्र येऊन सात आठवडे झाले. उत्तर द्यायचं नाय असंच ठरवलेलं. भाऊबीजेला आलो नाय ते मुद्दाम. गाडी चुकली बिकली नाय.

चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दिली. ते मला बोलले ते बोलले, बरोबर बोलले. मी खोटं बोललो नसतो तर त्यांना तिथंच कळलं असतं. माझं मला हाय.

पण एक विचारतो. खडू समजून दिलंस. आम्ही टेपावरची माणसं, आम्हाला खडू चालतो, असं वाटलं तुला? रोज पहाटे घड्याळ लावून ही बाई उठायची गो. गोळी कपाळाला लावून तोंडात टाकायची. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाय.

पत्र तिला लगेच वाचून दाखवलं नाय. माझ्याच्यानं झालं नाय. दसऱ्याला दाखवलं, सगळं, तू सांगितलंस तसं. ऐकून घेतलीन. उठून भात वैरलीन.

तिचं आता इन्सुलिन चालू हाय. वैशालीनं शिकवलान. पयल्या दिवशी मी डोळे मिटले, तर म्हणते, “सुई मला, कळ तुला का येते?” स्वतःच टोचून घेते. साखर १६०-१७० असते. बरी हाय.

काल मला म्हणाली, बस, अनुला लिही, मी सांगते तसं. ती बोलली ते खाली लिहितो, माझं त्यात काय नाय.

“अनु, तू पडून होतीस तवा मी घास पुढं केला की तुला नको असला तर तू तोंड फिरवायचीस. बोलायची ताकद नव्हती तुझ्यात, तरी फिरवायचीस. मी कधी रागावले? तसंच फिरवायचं होतंस गो. मी घास खाली ठेवला असता नि बसून राहिले असते. मला वाईट खडूचं नाय वाटलं. तू मला परकी केलीस त्याचं वाटलं. परक्या माणसाला नाय म्हणवत नाय.

नवा तांदूळ झालाय. वाटा धाडायचा का नाय, तूच सांग. पायलीभर बांधून ठेवलाय. तुला नवा भात चालतो का नाय ते मला ठावं नाय. नको तर नको म्हण. हवा तर हवा म्हण. नि खाल्लास तर तुझ्या मशीनवर काय येतं ते मला कळव. कमी करून सांगशील तर मला कळंल.”

एवढंच.

रावजी

*

महाड
२ नोव्हेंबर २०२५

आवडीवहिनी,

हे पत्र तुला लिहिते आहे. दादा वाचून दाखवील. तो ज्या प्रश्नावर रागावला आहे त्याचं उत्तर आधी देते. हो, मला तसं वाटलं होतं. टेपावर कोण बघायला जातंय, असंच वाटलं होतं. हे वाचताना गाळू नको, असं त्याला सांग.

पायलीभर तांदूळ नको, वहिनी. नवा भात मला भारी पडतो. साखर झपकन चढते.

काल इतकं लिहून मी थांबले. ‘नको’ हा शब्द बघत बसले.

मग दत्ताराम आला. त्याच्याकडे तुझी पुरचुंडी होतीच. म्हणाला, “वैनीनं सांगितलंय, बाय नको म्हणाली तर गाडीत परत आण, हो म्हणाली तर दे. आणि तोंडाकडं बघ तिच्या.” मी त्याला म्हटलं, पायली नको, एक वाटी दे. तो हसून म्हणाला, “हे तिसरंच झालं, याचं काय सांगितलेलं नाय.” एसटीच्या पायरीवर बसून त्याने पुरचुंडी सोडली आणि माझ्या डब्याच्या झाकणात एक वाटी तांदूळ मोजून दिला. बाकीचा परत येतो आहे. पोचला की बघून घे.

आज रविवार. भात केला. वहीत लिहिलं ते तुझ्यासाठी उतरवते.

सकाळी उपाशीपोटी १५८. इन्सुलिन दहा. गोळी नाही. दुपारी नवा भात, एक वाटी म्हटलं होतं, दीड खाल्ला. दोन तासांनी २३१.

भात गोड होता.

अनु